नव्याच्या हातची शेवटची दाढी

मी, दोन खुर्च्यांच्या केस कापायच्या दुकानाचा मालक, वयाने थकलेला पण बुद्धीने शाबूत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या अकलेने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही, कुणी फूस लावलेली नाही, मी कसल्याही नशेत नाही. नुकताच एक कप चहा घेतला, तोही डॉक्टरांच्या कृपेने बिनसाखरेचा. अक्षर थोडे हलते आहे. तो हाताचा दोष, मनाचा नव्हे.

वकिलांनी नमुना दिला होता. त्यातली भाषा टाचा उंचावून बोलल्यासारखी वाटली, म्हणून कायद्यापुरती तेवढी ठेवली आणि बाकी माझी घातली. मी शाळेत गेलेलो नाही. वस्तऱ्यावरचा फेस पुसायला आम्ही वर्तमानपत्राचे तुकडे फाडून ठेवतो, त्या तुकड्यांवर मी वाचायला शिकलो. त्यामुळे शब्द बरेच येतात, पण बहुतेक बातम्यांचा शेवट मला आजही ठाऊक नाही. एका बातमीचा शेवट मात्र मला हवा आहे. हा सगळा खटाटोप त्यासाठी.

कलम एक. दुकानावरचे घर, त्यातील सर्व सामानसुमान आणि बँकेत माझ्या नावे जे काही असेल ते माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावे. त्याच्या आईचीही हीच इच्छा होती. कपाटाचे दार खालून घासते. ते उचलून लावायचे, ओढायचे नाही. हे त्याला जन्मभर तोंडी सांगितले, आता लेखी सांगतो.

कलम दोन. माझा रेडिओ शेजारच्या घड्याळवाल्याला द्यायचा होता. पण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात. मी म्हणालो, मग त्याच्या बायकोच्या नावे करतो. तेही चालत नाही. म्हणून काल रेडिओ त्याच्या काखेत दिला आणि दार लावून घेतले. कायद्याचे काय ते त्याने आणि रेडिओने बघावे.

कलम तीन. खालचे दुकान, दोन्ही खुर्च्या, आरसे, बाक, आणि माझ्या वडिलांचा वस्तरा व त्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा, हे सर्व मी नव्याला देत आहे.

नवा म्हणजे माझ्या दुकानातला कारागीर. आठ वर्षे होता, पण त्याच्यानंतर कुणी आलेच नाही, म्हणून गिऱ्हाइकांच्या तोंडी शेवटपर्यंत नवाच राहिला. तो आला तो तुरुंगातून सुटून. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "काका, आधीच सांगतो. भांडणात माझ्या हातून माणूस गेलाय. वस्तऱ्यानं नाही, चाकूनं. पण गेलाय."

"केस कापता येतात?"

"आत शिकलो."

"मग ये आत, बस. नाही, थांब. तू उभा राहा, मी बसतो."

आमच्या दुकानाची एक रीत आहे, वडिलांपासून चालत आलेली. दुकान उघडले की पहिली दाढी मालकाची, आणि वस्तरा सगळ्यात नव्या कारागिराच्या हातात. मालकाने डोळे मिटायचे आणि शेवटचा हात फिरेपर्यंत उघडायचे नाहीत. वडील म्हणत, ज्याच्या हाती आपण गिऱ्हाइकाचा गळा देतो, त्याच्या हाती आधी आपला द्यावा. मी डोळे मिटले. नव्याचा हात इतका कापत होता की तीन ठिकाणी तुरटी लावावी लागली. त्यानंतर आठ वर्षांत तुरटीचा खडा माझ्या गालाला लागला नाही. दाढी झाली की तो टॉवेलने माझी हनुवटी टिपायचा आणि आरशात बघून जरासा हसायचा. तेवढेच त्याचे हसू. बाकी दिवसभर उधारीवर आणल्यासारखा चेहरा.

आता माझ्या मुलाबद्दल. एका सकाळी त्याने फोनवर आमच्या रोजच्या पहिल्या दाढीचा व्हिडिओ काढला आणि खाली लिहिले, "माझ्या बापाचा गळा, खुन्याच्या हातात." त्याला वाटले, जगाने बघावे की माणूस बदलतो. जगाने बघितले. आठवडाभरात दुकानापुढे रांग लागली. ज्यांच्या डोक्यावर एक केस नाही असे लोकसुद्धा केस कापायला आले. नव्याला हारतुरे, शाली, वर्तमानपत्रात फोटो, दर शनिवारी कुठे ना कुठे व्यासपीठ. तिथे एक बाई गोड आवाजात त्याला विचारायची, "त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं?" लोक रुमाल काढायचे, मग टाळ्या वाजवायचे.

अशाच एका शनिवारनंतर तो मागच्या मोरीत ब्रश धूत उभा होता. मी म्हणालो, "अरे, खूश हो की जरा. लोक डोक्यावर घेतात तुला."

तो म्हणाला, "काका, आत होतो तेव्हा ते एकदाच घडलं होतं. आता दर शनिवारी घडतं."

मी त्याला म्हणालो, यापुढे जाऊ नकोस. तो गेला नाही. पण तोवर लोक दुकानात येऊ लागले होते. खुर्चीत बसायचे, नव्याने मागे वस्तरा घेऊन उभे राहायचे, मुलाने फोटो काढायचा, असा शिरस्ताच पडून गेला होता. एक दिवस भर दुपारी एक म्हाताऱ्या बाई आल्या. दारातच थांबल्या. मुलगा नेहमीच्या लगबगीने म्हणाला, "या ना आजी, बसा. फोटो काढायचाय ना? नव्या, ये रे, मागे उभा राहा."

बाई खुर्चीत बसल्या. नवा वस्तरा उघडून मागे उभा राहिला. आम्ही न्हावी लोक माणसे आरशातच ओळखतो. त्याने आरशात पाहिले. त्याच्या हातून जो गेला, त्याची ती आई होती. कोर्टात रोज पहिल्या बाकावर बसायची.

माझा मुलगा म्हणत होता, "आजी, थोडं हसा."

नव्याने वस्तरा मिटला, टॉवेलवर ठेवला, टॉवेलची घडी केली आणि मागच्या दाराने निघून गेला. त्याचा डगला अजून खुंटीवर आहे.

बाई आरशाकडे बघत म्हणाल्या, "काढा की फोटो. याचे एवढे काढलेत. माझ्या मुलाचा एकही कुणी मागितला नाही."

कलम चार. व्यासपीठावर नव्याला मिळालेले काचेचे मानचिन्ह, ज्यावर 'नवी पहाट' असे कोरले आहे, ते मागच्या उघड्या दाराला टेकू म्हणून लावले आहे. तिथेच राहू द्यावे. ते दार बंद होऊ द्यायचे नाही. ज्यांनी शाली घातल्या त्यांनीच तो गेल्यावर छापले, "खुनी पळाला." त्या मंडळींना या मृत्युपत्राद्वारे मी काहीही देत नाही. ते आले तर त्यांनी रांगेत बसावे, कैची सर्वांना सारखीच.

कलम पाच. त्या आईला, म्हणजे आता आमच्या ताईंनाही मी काही देत नाही. एक तर त्या साक्षीदार आहेत. दुसरे म्हणजे त्यांना देण्यासारखे माझ्याकडे काहीच नाही. त्या आठवड्याने पुन्हा आल्या होत्या. बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "कुठं गेला तो?"

"ठाऊक नाही, ताई."

"मी त्याला घालवायला नव्हते आले. त्या व्हिडिओत शेवटी हसतो ना, तो खरंच हसतो का, ते बघायचं होतं."

माझ्या तोंडाशी खोटे आले होते. पण म्हणालो, "हसायचा, ताई. रोज एकदा."

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी परत आले नसते."

तेव्हापासून दर आठवड्याला येतात. चहा घेतात, साखर घालून, मला दाखवत. मी एकदा म्हणालो, तुमच्या मुलाचा फोटो द्या, आरशावर लावतो. म्हणाल्या, "नको दादा. इथं सगळे बघतात."

कलम सहा. माझा मुलगा या मृत्युपत्राचा अंमल करील. बाळा, तू व्हिडिओ काढून टाकलास, पण लोकांच्या खिशात गेलेला कसा काढणार? तेव्हापासून तू रोज सकाळी विचारतोस, "बाबा, मी करू का दाढी?" आणि मी नाही म्हणतो. तुला वाटते मी रागावलो आहे. मी रागावलेलो नाही. हे तोंडाने सांगायला बसलो की मी खुर्चीची कुरकुर काढत बसतो, म्हणून इथे शाईने लिहितो. तुझा हात चांगला आहे. पण नव्याने काम सोडतो असे म्हटले नव्हते, वस्तरा फक्त टॉवेलवर ठेवला होता. माझी दाढी त्याच्या हातून अर्धी राहिली आहे असे मी धरतो. म्हणून त्या दिवसापासून माझ्या गालाला वस्तरा नाही. दाढी छातीवर आली आहे. गिऱ्हाईक चेष्टा करतात, "मालक, एखादा चांगला न्हावी गाठा." गाठायचाच आहे.

एका ट्रकवाल्याने त्याला लांबच्या एका मालधक्क्यावर पोती उचलताना पाहिले. म्हणे, त्यानेही दाढी वाढवली आहे, कुणी ओळखू नये म्हणून. मी जाऊ शकलो नाही, पाय देत नाहीत. तू जायचे. फोन घरी ठेवून जायचे. डगला सोबत न्यायचा, थंडी असते तिकडे.

कलम सात. मी गेल्यावर मला शेवटच्या प्रवासाला तयार करताना माझी दाढी नव्याने करावी, दुसऱ्या कुणीही नाही. पाणी कोमट घ्यावे. त्याचा हात कापला तरी हरकत नाही, मला काही लागणार नाही. डोळे माझे मिटलेलेच असतील, आमच्या रीतीप्रमाणे. तो आला नाही तर मला आहे तसाच न्यावा, दाढीसकट. कुणी विचारले की न्हाव्याची दाढी अशी का, तर सांगावे, त्याचा कारागीर यायचा आहे.

आणि दुकान त्याच्यासाठी ठेवावे. तो कधीच आला नाही, तर मुलाने दुसऱ्या कुणा सुटून आलेल्याला उंबऱ्याच्या आत घ्यावे, आणि पहिल्या सकाळी स्वतः डोळे मिटून बसावे.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि त्यांच्यादेखत सही केली. त्यांनीही माझ्यादेखत केली.

ठिकाण: दुकानातच, खिडकीकडची खुर्ची.
दिनांक: सुट्टीचा सोमवार.

सही: मालक, दोन खुर्च्यांचे दुकान.

साक्षीदार पहिला: शेजारचा घड्याळवाला. (सही. रेडिओबद्दल मला काही माहीत नाही.)

साक्षीदार दुसरी: बाकावर बसणाऱ्या ताई. सही, आणि त्याखाली त्यांच्याच हाताने:

सगळे ऐकले. तो दाढी करायला येईल त्या दिवशी मी दुकानात नसेन. हे त्याला आधी सांगावे, म्हणजे तो येईल.