जावयाने आखलेली सहल

४ एप्रिल
लक्झेंबर्ग आपल्या ठाणे जिल्ह्याहून लहान आहे हे कळल्यापासून चित्रा निर्धास्त. "हरवायला जागाच नाही," म्हणाली. नकाशा कपाटाच्या दारावर चिकटवलाय — अंगठा ठेवला की देश संपला. लग्नानंतर अंतरा तिकडे गेली त्याला दीड वर्ष होईल. आता आम्ही जाणार, मे महिन्यात. संस्कृतच्या मास्तरांचं युरोपात काय काम, असं शाळेत विचारून झालं. म्हटलं, मुलगी आहे तिथे.

९ एप्रिल
अद्वयचं उत्तर. 'मे नको, बाबा. जूनअखेर बरं.' कारण नाही. जूनमध्ये शाळा ऐन सुरू होते, मला रजा मिळणं कठीण, हे जावयांना चांगलं ठाऊक आहे. अंतराला विचारावं तर तिचा फोन दुरुस्तीला — दिवाळीपासून! बोलणं होतं ते त्याच्या फोनवर, रविवारी, तो शेजारी बसलेला असताना. मी म्हटलं, आपल्या मानपाड्यात तासाभरात करून देतात. चित्रा म्हणाली, "जावयाला असले टोमणे मारू नका हं."
नाही मारले.

२० एप्रिल, रविवार
"अंतू, थंडी कितपत असते गं?" चित्राने विचारलं. अद्वय म्हणाला, "जूनमध्ये विशेष नसते, आई."
"चकलीची भाजणी आणू?"
"तिला हल्ली तळलेलं सोसत नाही."
मग मी विचारलं, "काय गं, फोनबरोबर जीभही दुरुस्तीला दिलीस?"
सगळे हसले. तीही हसली. पण आधी त्याच्याकडे बघितलं. मागे तीच पांढरी भिंत. खिडकीतून काय दिसतं ते दाखव म्हटलं, तर अद्वय म्हणाला, "पुढच्या वेळी."
वागळे इस्टेटमध्ये नोकरीला होती तेव्हा डब्यात भाजी कुठली होती हे सांगायलाही फोन करायची.

३ मे
रजा मंजूर. अद्वयला कळवलं. दोन दिवस उत्तर नाही, मग एकदम संपूर्ण सहलीचा आराखडा. तासातासाचा! व्हियान्डेनचा किल्ला, नदीकाठ, संग्रहालयं. राहायचं हॉटेलात, दुसऱ्या गावी — 'आमच्याकडे जागा अपुरी.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. एवढ्या सगळ्यात अंतरा एकदाच येते. शेवटच्या दिवशी, जेवायला. बरोबर अद्वय.
चित्रा म्हणाली, "किती नीट आखलंय बघा." स्वर तसा नव्हता.

११ मे
वरच्या मजल्यावरच्या रसिकाने आपला लोकरी कोट दिला. हा कोट सिमल्याला दोनदा आणि नॉर्वेला एकदा जाऊन आलाय, म्हणजे सोसायटीत सर्वांत जास्त फिरलेला तोच. चित्राने घालून दाखवला, बाह्या बोटांच्या पुढे. मी म्हटलं, "अस्वल दिसतेस." हसली नाही. म्हणाली, "अंतू पण रविवारी लांब बाह्यांचंच घालते. घरात."
कोट मी घडी घालून ठेवला.

१८ मे
विहीणबाईंकडे गेलो. शुभदाताईंनी आंबा डाळ केली होती. चित्राने अंतराचा विषय काढला, तर म्हणाल्या, "अहो, अद्वयला पहिल्यापासून सगळं आपल्या हातात लागतं. लहानपणी बहिणीची बाहुलीसुद्धा कपाटात कुलूप लावून ठेवायचा!" कौतुकाने सांगत होत्या.
डाळ उरली.

४ जून
व्हिसा मिळाला. २० तारखेपासून लागू. चित्राने देवापुढे साखर ठेवली.

१५ जून, रविवार

आज अंतरा आपणहून बोलली. "बाबा, एक सुभाषित अर्धवट आठवतंय. म्हणू?" अद्वयने भुवया उडवल्या. "तुमच्या घरात अजून हे चालतं?" संस्कृतचा त्याला गंध नाही. तिने श्लोकाच्या चालीवर म्हटलं, लहानपणी म्हणायची तसंच, डोळे मिटून —
द्वारं पिहितम्। कुञ्चिका तस्य हस्ते। मां गृहं नय, तात।
दार बंद. किल्ली त्याच्या हातात. बाबा, मला घरी न्या.
"बरोबर आहे का?" तिने विचारलं.
पंचवीस वर्षं वर्गात उभा राहिलो, पण इतक्या स्थिर आवाजात कधी बोललो नसेन. "बरोबर. पुढची ओळ मी सांगतो." त्याच चालीवर म्हटलं — आगच्छावः। शीघ्रम्। येतोय. लवकर.
अद्वय म्हणाला, "छान. अर्थ काय याचा?"
"विद्येचं महत्त्व," मी म्हटलं.
फोन ठेवल्यावर चित्राला अर्थ सांगितला. ती उठली आणि बॅग भरायला लागली.

१६ जून
ब्रुसेल्सच्या आपल्या वकिलातीत बोललो, लक्झेंबर्गचं कामही तिथूनच चालतं. बाई शांतपणे ऐकत होत्या. अंतराचा पासपोर्ट त्याच्याकडे असला तरी परत येण्यापुरता कागद देता येईल, मुलगी समोर हवी. लक्झेंबर्गच्या पोलिसांचा नंबरही दिला. चित्रा म्हणाली, लगेच करा फोन. केला. ते उद्या घरी जाऊन चौकशी करणार.

१७ जून
पोलीस जाऊन आले. दार अद्वयने उघडलं. अंतरा त्यांच्यासमोर म्हणाली, सगळं ठीक आहे. तो शेजारी उभा होता.

१९ जून
आज निघतो, ठरल्यापेक्षा आधी. अद्वयला कळवलेलं नाही. जायची तिकिटं दोन, परतीची तीन.