आप्पांचं ऑर्किड

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट मिळालं. परागाचे दाणे बुरशीने काळे पडले होते, कारण तू ते ओल्या कापसात गुंडाळलेस. जन्मभर फुलांचं दुकान चालवलेला माणूस कापूस ओला केल्याशिवाय काही पाठवणार नाही, हे मीच ओळखायला हवं होतं. पराग कोरडाच लागतो रे.

या डोंगरावर झाडाच्या खोडाला धरून वाढलेलं हे एकच ऑर्किड उरलंय. दुसरं तुझ्या गॅलरीत, आप्पांनी तीस वर्षांपूर्वी इथूनच उचलून नेलेलं. स्वतःच्या परागाने हे फळ धरत नाही. आमचे वनखात्यातले साहेब म्हणतात, नाद सोड. मी सोडणार नाही. शेवटचं फूल आठवडाभर टिकेल. झाड मागत नाही. आप्पांची आठवण तू देणार नाहीस, हे मागच्याच वर्षी ऐकून घेतलंय. फक्त पराग पाठव.

तुझी माया आहे, म्हणूनच हक्काने रागावते.
तुझी धाकटी

७ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

चूक कबूल. तुझी वहिनी सकाळपासून हसतेय. म्हणते, नशीब, गुच्छ बांधून नाही पाठवला.

माझ्याकडेही एकच फूल उरलंय. टपालावर भरवसा नाही, माझ्यावर त्याहून नाही. म्हणून उद्या कुंडीसकट निघतोय. पराग तूच काढ. झाड मात्र मी परत आणणार, हे आत्ताच सांगतो. गुडघा कुरकुरेल, कुरकुरू दे.

भेटीत भांडू, तोवर लोभ असू दे.
दादा

६ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

फळ धरलंय, करंगळीएवढं. पिकायला वर्ष लागेल, तोवर मी इथून हलत नाही.

दादाने चार तासांच्या चढावर कुंडी कुणाच्या हाती दिली नाही. निघायच्या दिवशी मात्र बराच वेळ ऑर्किडाखाली बसला. मग म्हणाला, आप्पांनी नेलं, मी पोचवतो. कुंडी फोडून त्याने स्वतःच्या हाताने झाड त्याच खोडाला बांधलं. मला रडू आलं.

हवापालटाला ठेवलंय, असं त्याने तुला सांगितलंय ना? ते खोटं आहे. आठवण आप्पांची, पण तीस वर्षं पाणी तू घातलंस, म्हणून खरं सांगायला तो घाबरतोय. तुला न विचारता आम्ही ते घेतलं. माझं चुकलं. तू म्हणशील तर सोडवून पाठवीन. पण आधी येऊन बघ, वहिनी. त्याला नवं मूळ फुटलंय आणि त्या मुळाने साल धरली आहे.

रागावलीस तरी पत्र लिही.
तुझी नणंद