प्रत्येकाचं जोडी जोडी

कोसमटोला, जि. गडचिरोली
११ जून २०२३

चि. प्रफुल,

तुला आमचे दोघांचे आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. तूही हैदराबादेत बरा असशील असं धरून चालते, कारण फोनवर तू तेवढंच सांगतोस आणि तेही तोंडात घास असताना. बाबांचा गुडघा उन्हाळाभर शांत होता. आंबे यंदा कमी, पण लोणच्यापुरते झाले. शेजारच्या सुगंधाबाईच्या गाईला कालवड झाली. अंगणवाडीत नवा वजनकाटा आला आणि पहिल्याच दिवशी पोरांच्या आधी आयांनी स्वतःचं वजन करून घेतलं. एकीलाही काट्याचं पटलं नाही.

पत्र पाहून दचकू नकोस. घरात मोबाईल असताना आई पोस्टात कशाला गेली, असं तुला वाटेल. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे फोनवर मी बोलायला लागले की तू मध्येच म्हणतोस, "आई, तुला नाही कळणार ते." कागद पुरता वाचल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. दुसरं कारण पुढे येईल.

विषय कम्प्युटरचा आहे. मागच्या आठवड्यात तू विचारलंस, "चालू आहे ना तो?" मी म्हटलं, "आहे." ते खोटं नव्हतं, पण सगळंही नव्हतं.

पहिल्यापासून सांगते. थंडीपासून पडद्यावर एक पट्टी यायला लागली, की ही विंडोज जुनी झाली, आता हिला नवं काही मिळणार नाही. मी फुलीवर टिचकी मारून तिला घालवायची आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर, सुगंधाबाई विरजण मागायला येते तशी. पुढे पुढे मात्र मुक्त विद्यापीठाचे धडे उघडेनात.

हो, हेही तुला सांगितलेलं नाही. मी इतिहास घेऊन बी. ए. करणार आहे. चौपन्नाव्या वर्षी. हसून घे, मी थांबते.

झालं? तर, जुलैपासून तास आहेत आणि ते घरबसल्या कम्प्युटरवर बघायचे. मोबाईलवर मला अक्षरं मुंगीएवढी दिसतात. म्हणून महाशिवरात्रीला तुला विचारलं होतं, नवी विंडोज टाकून घेऊ का? तू म्हणालास, "हात नको लावू, माझं सगळं त्यात आहे. मी आल्यावर बघतो." असं तू गेल्या दिवाळीलाही म्हणाला होतास. त्याच्या आधीच्या दिवाळीलाही.

मी थांबले. पण मला स्वस्थ कुठे बसवतं? गडचिरोलीत बसस्टँडच्या मागे अश्वजितचं कम्प्युटरचं दुकान आहे. अंगणवाडीच्या बैठकीला गेले की मी त्याच्याकडे डोकवायची आणि एक एक प्रश्न विचारायची. विंडोज म्हणजे नेमकं काय? ती दिसते की नाही? जुनी बिघडली नाही तर बदलायची कशाला? तो म्हणाला, "काकू, घर तेच राह्यते, घर चालवनारा बदलते." मला ते फार आवडलं. मग नवा घर चालवणारा आला की जुन्याचं सामान तो कुठे ठेवतो, हा माझा पुढचा प्रश्न. अश्वजित म्हणाला, "फेकते. म्हनून पयले आपलं सामान बाहेर काढून ठेवाचं."

घरी येऊन बाबांना सांगितलं आणि तिथेच गाडं अडलं.

तुला माहीत नसेल, बाबा रोज सकाळी जाळं खांद्यावर टाकायच्या आधी तुझा कम्प्युटर सुरू करतात. पडद्यावर गोलात तुझा फोटो येतो, तो कॉलेजातला, बारीक मिशीचा, आणि खाली तुझं नाव. पुढे जायला पासवर्ड लागतो, तो त्यांना येत नाही आणि नकोही असतो. फोटो बघतात, बंद करतात आणि तलावावर जातात. मीही आता सवयीने विचारते, "उठवलं काय पोट्ट्याले?" ते म्हणतात, "उठवलं."

तर ते म्हणाले, "त्याचं नाव काऊन पुसून राह्यली तू? पोट्टा काय मेला हाय?" मी म्हटलं, "अवो, नाव नाई पुसत, विंडोज बदलून राह्यली." त्यांच्या लेखी दोन्ही एकच. तीन महिने आमच्या घरात याच्यावरून अबोला आणि बोलणं आळीपाळीने चाललं.

मग मे महिन्यात आपल्या तलावाचा गाळ काढायचं ठरलं. पाणी उतरलं तेव्हा बाबांनी नेहमीची रीत केली. तुला आठवत असेल, लहानपणी तू माशांनी भरलेल्या पितळी गुंडीला हात लावून त्यांच्या मागे पळायचास. प्रत्येक जातीची एक जोडी धरायची आणि वरच्या बोडीत, त्या लहान तळ्यात, नेऊन सोडायची. मरळीची जोडी, दाडकाची जोडी, बोटरीची जोडी. बाकीचे मासे गाव वाटून खातं. तलाव पुन्हा भरला की बोडीतलं बी परत आणून सोडायचं, दोन वर्षांत तलाव पहिल्यासारखा होतो.

त्या संध्याकाळी पायाचा चिखल धुता धुता ते आपणहून म्हणाले, "तुया कम्प्युटरचाबी गाळच काढाचा हाय न? काढ मंग. पन पयले बी काढून ठेवाले पायजे." मी म्हटलं, "हाव, तेच तर मी सांगून राह्यली कवापासून." मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. त्यांना कळलं, असं मी समजले. काय कळलं, ते मी विचारलं नाही.

सोमवारी मला अंगणवाडी सोडता येईना. बाबा म्हणाले, मी नेतो. कम्प्युटरची ती उभी पेटी त्यांनी धक्का लागू नये म्हणून जुन्या जाळ्यात चार पदरी गुंडाळली आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं, "काका, कोनता मासा हाय एवढा?" बाबा म्हणाले, "पोट्ट्याचं डोक्सं हाय. धक्का नोको मारू." अख्खी बस हसली म्हणे. बाबांनी मला हे तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा मी हसले.

पुढचं अश्वजितने सांगितलं. बाबांनी घरातला तुझा जुना पेनड्राइव्ह नेला होता. तो म्हणाला, "काका, याच्यात नाई मावत सगळं. मोठा लावू काय?" बाबा म्हणाले, "बी ठेवाले गुंडी पुरते. तलाव कायले पायजे? प्रत्येकाचं जोडी जोडी ठेव." त्याला वाटलं, बाकीचं घरी दुसरीकडे ठेवलेलं असेल. तो एकेक कप्पा उघडत गेला आणि बाबा स्टुलावर बसून बोट दाखवत गेले. दोन फोटो. दोन गाणी. दोन गेम. तुझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टमधली दोन पानं. दोन व्हिडिओ. बाबांनी ज्या क्रमाने बोट दाखवलं, त्या क्रमाने त्याने नावंही नवी दिली, एक आणि दोन. आणि बाकीचं पुसून नवी विंडोज टाकली.

आता तू कपाळाला हात लावला असशील. मीही लावला होता.

संध्याकाळी मी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला, आणि बघते तर हे एवढंच. मी ओरडले. शेजारी ऐकू गेलं असेल. बाबा शांत. म्हणाले, "जोडी हाय न सगळ्याची? वाढन." मी म्हटलं, "अवो, हे वाढत नाई. दोन फोटो म्हंजे दोनच फोटो." त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वाढत नाई?" मग म्हणाले, "मंग लोकं ठेवतेत कायले?"

प्रफुल, माझा राग तिथेच गेला. लग्नाला तीस वर्षं होतील, पण मला हा माणूस त्या दिवशी जेवढा आवडला तेवढा आधी कधी आवडला नसेल. त्यांनी तुझं काही टाकलं नव्हतं. त्यांच्या हिशेबाने तुझं सगळंच्या सगळं जपलं होतं. ते त्या दिवशी जेवले नाहीत. तुला सांगू नको म्हणाले. मी शब्द दिला आणि आज मोडते आहे, कारण लपवून तुझा घोर टळत नाही आणि त्यांचाही जात नाही.

आता दुसरं कारण. दुसऱ्या दिवशी मी अश्वजितला फोन केला. माझा प्रश्न एकच होता, पुसलेलं जातं कुठे? तो म्हणाला, "काकू, लगेच नाई जात. तिथीच राह्यते. फक्त जागा खाली हाय असं धरतेत. वर दुसरं काई लिवलं की मंग जाते." मी विचारलं, म्हणजे परत काढता येईल? म्हणाला, सगळं नाही, बरंच येईल. पण त्याच्यावर काही करू नका. किती अजब गोष्ट आहे ही! मी दोन दिवस तोच विचार करत होते. पेटी तिथे कोपऱ्यात उभी आहे, वरून कोरी दिसते आणि तिच्या आत तुझी कॉलेजची पाच वर्षं आहेत, कोणी वर बसेपर्यंत. म्हणून मी मशीनवर एक अक्षर टाइप केलेलं नाही. म्हणून हे पत्र ई-मेलने नाही, शाईने आहे.

एकदाच सुरू करून पाहिलं. तुझा फोटो आला नाही. निळ्या पडद्यावर, कोण वापरणार, असं विचारून ते थांबलं. रिकामी चौकट आणि लुकलुकणारी रेघ. मी बंद केलं.

आता त्या दोन व्हिडिओंबद्दल. हे लिहू की नको असं करत इथवर आले.

बाबांनी ते का निवडले ते मला कळलं. दोन्हीत तू कॅमेऱ्यासमोर पांढरा शर्ट घालून इंग्रजीतून मुलाखतीची तयारी करतो आहेस आणि दोन्हीत 'इस्तारी' म्हणतोस. बाबांना इंग्रजी येत नाही, स्वतःचं नाव येतं. मला मात्र तेवढं इंग्रजी कळतं. एकात तू म्हणतोस, माय फादर इस्तारी इज इन बिझनेस. दुसऱ्यात म्हणतोस, माय फादर इस्तारी इज अ फिशरमन. शर्ट तोच, मागची भिंत तीच.

मला राग आलेला नाही. मला फक्त जाणून घ्यायचं आहे आणि त्यावाचून माझी झोप नीट होत नाही. यातलं आधी कोणतं आणि नंतरचं कोणतं? बिझनेस म्हणून झाल्यावर तुला बरं वाटलं नाही आणि तू पुन्हा रेकॉर्ड केलंस, की फिशरमन म्हणून झाल्यावर? क्रम बाबांच्या बोटाने लागलाय, तारखा दुकानातल्या पडल्यात. अश्वजित म्हणतो, जुनं परत काढलं तर खऱ्या तारखाही निघतील. मला त्या त्याच्याकडून नकोत. तुझ्याकडून हव्यात.

बाबा रोज सकाळी आता टीव्हीवर दोन्ही लावतात. मला विचारतात, "काय म्हन्ते वं माह्याबद्दल?" मी सांगते, "तुमचं नाव घेते." तेवढ्यावर ते खूश होऊन जाळं उचलतात. पुढचं वाक्य सांगायचं काम माझं नाही, तुझं आहे.

तर आता माझं म्हणणं. तू तिकडे घर बघतो आहेस, हे मला तुझ्या मित्राकडून, निकेशकडून कळलंय. चांगलं घे, हवेशीर घे. तू इथे राहायला येणार नाहीस हे मला समजतं आणि मला त्याचं वाईट वाटतं, दोन्ही खरं आहे. पण मग तुझ्या वाटेकडे डोळे लावून मी बसेन, मशीनने कशाला बसायचं?

तलाव भरत आला की बाबा बोडीतल्या जोड्या परत सोडतील. त्या दिवसापर्यंत मी मशीनला हात लावणार नाही. तुला तुझं हवं असेल तर त्याआधी ये, पेटी घेऊन आपण दोघे अश्वजितकडे जाऊ. फोनवरून 'थांब' म्हणू नकोस. त्या दिवसानंतर मी चौकटीत नाव लिहीन आणि अभ्यासाला लागेन. मग खाली जे असेल त्याच्यावर माझा इतिहास बसेल.

नाव कोणाचं लिहू, हे बाबांना भीत भीतच विचारलं. त्यांनी खूप विचार केला. म्हणाले, "तुयं टाक. शिकनार तू हायेस. पन फोटो पोट्ट्याचाच राहू दे." चालेल. तुझं तोंड आणि खाली माझं नाव.

शिंगाड्याचं पीठ पाठवते आहे. ओलीला ठेवू नकोस.

मासे धरणाऱ्या इस्तारीची बायको,
तुझी आई,
देवका