खाऱ्या पाण्यातली कमान

२ जून
हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आली. तळाला पांढरीशुभ्र वाळू पसरली. आता दगड रचायचे. लोक नुसता ढीग घालतात, मी कमान करणार. तोवर लेकीचा मासा बाथरूममध्ये, टबात. दोन दिवसांचा प्रश्न.

४ जून
बायको म्हणाली, आधी दगड काचेवर टेकवा, मग वाळू घाला, हा मासा वाळू उकरतो. दुकानदाराने बजावलं होतं म्हणे. मी तेव्हा दगडांचे रंग बघत होतो. पण वाळू काढायची म्हणजे केलेल्या कामावर पाणी! शिवाय मी बांधकाम खात्यात आहे. हिशेब विभागात, पण कानावर पडतंच.

७ जून
कमान पडली. दगड हलक्या प्रतीचे. नवीन आणले.

८ जून
पडली. गोंद हलक्या प्रतीचा. मासा बघत असतो म्हणून आई अंघोळीला शेजारी जाते. नसते लाड.

१२ जून, सकाळ
उभी राहिली! जोरात दार लावलं की डुलते, म्हणून दारं हळू लावायची सूचना घरात दिली. मासा सोडला. लेकीने मला मिठी मारली. या घरात माझी कदर आहे.

१२ जून, संध्याकाळ
मासा कमानीच्या पायाखालची वाळू उपसतोय. नवा आहे, रुळेल.

१३ जून
कोसळली. मासा दिसेना. लेक रडली नाही, काचेला नाक लावून बसून राहिली. एकेक दगड उचलला. शेवटच्या दगडाखाली सापडला, जिवंत. शेपटीला खरचटलंय. चूक माशाची, असं आज लिहवत नाही.

१५ जून
ऑफिसातून आलो तर दगड थेट काचेवर, बुटके, पसरट, भोवती वाळू. बायको आणि आईने दुपारी उरकलं. दिसायला ढीगच. हलवून पाहिलं. हलेना. मी हेच सुचवणार होतो.

२० जून
लेकीची मैत्रीण मासा बघायला आली. लेकीने सगळं समजावून सांगितलं. दगड आईने रचले, वाळू आजीने घातली, खाणं ती स्वतः घालते. मैत्रिणीने विचारलं, मग बाबा काय करतात? लेकीने बराच विचार केला. ते लांब बसतात, म्हणाली.

बसलोय. सोफ्यावरून मासा दिसत नाही.