पाइपावर दोन ठोके

१ डिसेंबर २००६, शुक्र.
सायझिंगचा कारखाना बंद. दिवसभर पाइप जोडत होतो. खळ लावलेलं सूत ज्या ड्रमांवर वाळतं, त्यांतल्या वाफेचं गरम पाणी इतकी वर्षं भिंतीमागच्या गटारात जायचं. आता परत बॉयलरच्या टाकीत. शेठ : "गटारात पानी न्हाय, माझा कोळसा चाललाय." बरोबरच आहे त्याचं. पण त्याच पाण्यावर आमच्या चाळीतल्या बायका थंडीत आंघोळी, धुणी उरकतात, ते त्याला दिसत नाही.

४ डिसें.
चाळीत तोंड दाखवायची सोय नाही. सुमनशी कोणी बोलेना. म्हणाली, "पाइप जोडलात तुम्ही, शिव्या मला." शेजारच्या शेवंतामामी तेवढ्या आल्या. बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालतात त्या. आमच्या दोन्ही पोरी त्यांच्याच पायांवर न्हाल्या. "राकेल किती जालू रं, बाला?" एवढंच म्हणाल्या.

६ डिसें.
भिंतीमागे त्या परतीच्या लाइनीला नळाची चावी बसवली. शेठला सांगितलं नाही, सांगणारही नाही. मामींना समजावलं : मशीन सुरू होताना आधी नुसती वाफ येते. ती गेली की मी पाइपावर पान्याने दोन ठोके देईन. त्याआधी चावीला हात नाही. "बरा, ठोके तं ठोके."

११ डिसें.
रोज हंड्यांची रांग. सुमन पुन्हा हसते-बोलते. शेठ कोळशावर खूश. दोन्हीकडून शाबासकी. मीही जरा फुशारलोय.

१९ डिसें.
लिहवत नाही.
सकाळी ट्रॅप अडकला. वाफ अडवून पाणी तेवढं पुढे सोडणारं ते भांडं. अडकलं की ड्रममध्ये पाणी साचतं, सूत ओलं राहतं. अशा वेळी आम्ही सगळेच करतो ते केलं. पाना घेतला, ठोकला. सुटला, पण उघडाच राहिला. वाफ सरळ लाइनीत.
भिंतीपलीकडून किंकाळी आली तेव्हा कळलं मी काय वाजवलं ते.
मामी. छाती, दोन्ही हात. रिक्षात सुमनच्या मांडीवर डोकं. "ठोके आयकले रं मी," सारखं तेच.

२१ डिसें.
शेठने चावी काढायला लावली, तिथे बूच मारलं. मला म्हणाला, "बाई चोरून पानी घेत होती. तुला कायच म्हायती न्हाय. खोली माझी हाय, ध्यानात ठेव." मी मान डोलावली. भीतीने. दुसरं कारण नाही.

२३ डिसें.
हॉस्पिटलात गेलो. पोलीस मामींचा जबाब घेऊन गेलेला. सून म्हणाली, आईंनी सांगितलं, चावी माझी मीच फिरवली, ठोके-बिके कोणी दिले न्हाईत.
कॉटजवळ उभा राहिलो. हात कापसात गुंडाळलेले.
"तुला दोन पोरी हायेत," मामी म्हणाल्या.
डॉक्टर अजून खात्री देत नाहीत. मला माझीच शिसारी आली. तरी बाहेर येताना जरा सुटल्यासारखं वाटलं, त्याची जास्त.

२६ डिसें.
ट्रॅप आज पुन्हा अडकला. पाना हातात घेतला, ठोकवला नाही. सूत ओलंच गेलं. शेठच्या शिव्या खाल्ल्या.
उद्या माझा जबाब. सुमनने विचारलं, "काय सांगणार?" म्हटलं, बघू. तिने स्टोव्हवरचं गरम पाणी उचललं आणि मामींच्या नातवाला न्हाऊ घालायला शेजारी गेली.
मी गार पाण्याने आंघोळ केली.