एका घरात दोन जर्मन

मुलींचं वसतिगृह, विष्णुपुरी
(खिडकीजवळची खोली, पंखा बंद)

तीर्थरूप शिवकांतामावशीस,

वर्षाराणीचा दोन्ही हात जोडून नमस्कार, आणि नमस्कार झाल्याबरोबर त्यातला एक हात कपाळाला लावला आहे असं समजावं. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या मेसमधल्या पोरी नीट जेवतात का, की परीक्षा जवळ आली म्हणून वरणभात ताटात तसाच ठेवून भौतिकशास्त्र चावत बसतात? लातूरला नळाला पाणी येऊन राहिलंय ना? इकडं सगळं क्षेम आहे असं पुढं लिहायची पद्धत आहे, पण माझ्याच्यानं खोटं लिहवत नाही. इकडं क्षेम काही नाही.

फोन न करता पत्र कामून, असं तू विचारशील. मावशी, तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तू पोळ्या लाटता लाटता बोलतेस. माझं दुःख सगळी मेस ऐकते. मागच्या वेळी मी फोनवर रडले तर मागून कुणीतरी म्हणालं, "दीदी, आधी सोपे प्रश्न सोडवायचे." म्हणून पत्र. शांत बस, चष्मा लाव आणि वाच. कारण हे सगळं तुझ्यामुळं झालं आहे.

आधी माझ्या एम.ए.चं सांगते, म्हणजे पुढचा अनर्थ समजेल. 'आधुनिक भाषा' या विषयाला मी प्रवेश घेतला, त्यात माझी भाषा जर्मन. अण्णांनी गावात मोठ्या अभिमानानं सांगितलं की पोरगी जर्मनचं शिकून राहिली. आता आमच्या गावात (आणि तुमच्याकडंही, उगाच लातूरचा तोरा नको) जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी. शेजारच्या केवळाबाईनं दुसऱ्याच दिवशी बुडाला भोक पडलेलं पातेलं आणून माझ्यापुढं ठेवलं. "येवढं बग गं, तुझं शिक्षण कामाला तर येऊ दे." मी तिला नीट समजावून सांगितलं की केवळामावशी, ती एक भाषा आहे, लांबच्या देशातली माणसं ती बोलतात. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पातेलं उचलून उजेडात धरलं आणि म्हणाली, "आसंल. पण भोक तर हायच की."

वर्गात आम्ही दोघीच. एक मी आणि दुसरी कहकशां, नांदेडच्या जुन्या वस्तीतली, तिच्या अब्बांचं अत्तराचं दुकान आहे. एक जरी आली नाही तरी वर्ग निम्मा होतो, म्हणून आजारी पडायचं तर एकमेकींना विचारून पडावं लागतं. शिकवायला धम्मानंद सर, स्वभावानं इतके मऊ की चूक आमची असली तरी चेहरा त्यांचा पडतो. जर्मनमध्ये एक आवाज आहे, तो घशाच्या तळातून खरवडून काढायचा असतो. कहकशां घरी 'खाला' म्हणून हाक मारते तेव्हा तोच आवाज फुकटात निघतो. वर्गात तिनं तो काढला की सर समाधानानं डोळे मिटतात. मी काढला की पाण्याची बाटली पुढं करतात.

व्याकरणाचं तर विचारूच नकोस. तिथं मुलगी ही 'ते' असते. लग्न होऊन बाई झाली म्हणजे मग 'ती'. हे ऐकून मला राग यायला पाहिजे होता, पण आपणही 'ते पोरगं कुठं उलथलं' असंच म्हणतो, त्यामुळं तेवढा एकच नियम मला एका झटक्यात पाठ झाला. बाकीचे अजून व्हायचे आहेत.

मागच्या सत्रात तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावच्या एक परीक्षक बाई आल्या होत्या, हसतमुख. त्यांनी सोपा प्रश्न विचारला : तुमचे वडील काय करतात? आता जर्मनमध्ये शेतकरी आणि पोट हे दोन शब्द सख्ख्या भावांसारखे दिसतात. मी ताठ बसून, स्पष्ट उच्चारात सांगितलं, "माझे वडील पोट आहेत. ते काळे आणि सुपीक आहेत. त्यांच्यात सोयाबीन चांगलं येतं." (शेवटची दोन वाक्यं जमिनीची होती, पण 'जमीन' हा शब्द आठवलाच नाही.) बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि फार काळजीनं विचारलं, "दुखतं का?" मी म्हणाले, "पाऊस नाही आला की दुखतं." (हे उत्तर खरं तर बरोबर आहे. पण त्याला गुण नव्हते.) त्यांनी मला तोंडी पुन्हा द्यायला सांगितली. ती पुढच्या महिन्यात आहे, आणि ती निघाली नाही तर एम.ए. निघत नाही. सर म्हणाले, "वर्षाराणी, तुला सगळं येतं. पण तू बोलतेस कुणाशी?" खरंच की गं. कहकशांशी बोलायला जावं तर आम्हा दोघींना तेच तेच येतं, आणि तेही अर्ध्यात हसू येऊन तुटतं.

अशा वेळी, मावशी, तू स्थळ पाठवलंस.

तू आईला फोनवर म्हणालीस, "मुलगा दवाखान्यात असतो." बस. येवढंच. आईला वाटलं डॉक्टर. अण्णांना वाटलं आजारी. दोघांचं त्यावरून भांडण झालं आणि ते मिटेपर्यंत लातूरची माणसं आमच्या नायगावला गाडीतून उतरलीसुद्धा. मला आईनं त्याच सकाळी 'तब्येत बरी नाही, ये' असं सांगून गावी बोलावलं होतं. मी एसटीत रडत आले, आणि दारात बघते तर आई नवीन लुगडं नेसून खोबरं किसत बसलेली. तिच्या तब्येतीला काय धाड भरली होती? मी चुलीमागं जाऊन कहकशांला फोन लावला. ती थंडपणे म्हणाली, "रो मत. जर्मनमधी बोल. गोड हसून सगळं सांगून टाक. कोणाला कळतंय?" मावशी, माझ्या आयुष्याचा सत्यानाश या एका वाक्यानं झाला.

बाहेर मुलगा, मुलाचे वडील आणि मुलाची आत्या गुणाबाई. वडील गप्प, मुलगा त्याहून गप्प, कपात तोंड घालून बसलेला. सगळा कारभार गुणाबाईंच्या हाती. तो डॉक्टर नाही, लातूरच्या एका दवाखान्यात नर्सिंगचं काम करतो, येवढं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. (हे मला आवडलं. पण तेव्हा मला काही आवडून घ्यायचं नव्हतं.) मग त्या माझ्याकडं वळल्या. "पोरी, कोणती भाषा शिकून राहिलीस म्हणं? जरा बोलून दाखीव की, आमाला बी ऐकू दे."

मी पदर सावरला, खाली बघितलं, आणि देवाची आरती म्हणावी तशा आवाजात जर्मनमध्ये म्हणाले, "मला हे लग्न करायचं नाही. माझी परीक्षा आहे. आपला चहा गार होतोय, तो प्या आणि आपापल्या घरी जा."

"वा, वा," गुणाबाई म्हणाल्या. "किती गोड हाय हो!"

आणि त्या मुलाच्या नाकातून चहा आला.

त्यानं रुमालानं तोंड पुसलं, माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं आणि सरळ जर्मनमध्ये म्हणाला, "मलाही करायचं नाही. माझीही परीक्षा आहे. आत्यानं ओढून आणलं. चहा मात्र चांगला आहे."

मावशी, त्या क्षणी मला धरणी दुभंगून हवी होती, आणि विष्णुपुरीचं धरण फुटलं असतं तरी चाललं असतं. हा मुलगा लातूरला वर्षभर जर्मनचे वर्ग करतोय! तिकडच्या दवाखान्यांना नर्स पाहिजेत, भाषेची परीक्षा निघाली की हा चालला. तुला हे माहीत होतं? माहीत असून तू 'दवाखान्यात असतो' येवढंच सांगितलंस?

मग आमचं जर्मनमध्येच भांडण जुंपलं. नकार कुणी द्यायचा, यावर. मी म्हणाले, तुम्ही द्या, मुलाकडच्यांना सोपं असतं. तो म्हणाला, मी दिला तर आत्या अन्न सोडेल, तुम्ही द्या. मी म्हणाले, मी दिला तर अण्णा माझं शिक्षण सोडवतील. आम्ही दोघंही चांगले तापलो होतो. पण या भाषेत कितीतरी वाक्यांत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. समोरचा काय नाकारतोय हे कळायला त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर कशावर चिडायचं तेच कळत नाही. त्यामुळं बाहेरून बघणाराला असं दिसलं की हा बोलतो तेव्हा ती मन लावून ऐकते, ती बोलते तेव्हा हा डोळ्यांची पापणी हलवत नाही.

आई दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. अण्णा मुलाच्या वडिलांना म्हणाले, "पोरगी आमच्याशी बी येवढं कधी बोलली न्हाई बगा."

हे ऐकून मी अण्णांकडं बघितलं. खरंच मी अण्णांशी इतकं कधी बोलले नव्हते.

मग त्यानं हळूच सुचवलं, की दोघांनी एकदम, मराठीत, 'आम्हाला नको' म्हणू. मी मान हलवली. आम्ही दोघांनी तोंड उघडलं. तो माझ्यासाठी थांबला, मी त्याच्यासाठी थांबले. तेवढ्यात गुणाबाईंनी दोघांच्या उघड्या तोंडांत एकेक पेढा कोंबला. "जुळलं की वो! आता इचारायचं काय राह्यलं?" पेढा कंधारी होता, मोठा होता. मी तो गिळेपर्यंत लग्नाची सुपारी फोडायचा दिवस ठरला होता.

मी नांदेडला परत आले. कहकशां ऐकून जमिनीवर बसली आणि इतकी हसली की तिला उचकी लागली. धम्मानंद सरांना सांगितलं तर ते मात्र हसले नाहीत. त्यांनी मला सगळी वाक्यं पुन्हा म्हणायला लावली, त्याचीसुद्धा. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "येवढी वर्षं मी शिकवतोय. दुकानात सफरचंद मागायची वाक्यं, स्टेशनचा रस्ता विचारायची वाक्यं. जे मनात आहे ते या भाषेत बोललेलं माझ्या विद्यार्थ्यांपैकी तू पहिली." असं म्हणून डोळे पुसले. मी आधार शोधायला गेले होते, मावशी, आणि सरांना पाणी देऊन आले.

आता मुख्य दुःख. अण्णांना मी काल फोनवर सांगितलं की काही झालं तरी मी तोंडी परीक्षा देणार. त्यावर ते काय म्हणाले? "आता कामून? घरात एकाला येतंय की. एका घरात दोन जर्मन काय करायचे?" पातेली असल्यासारखे मोजतात गं आम्हाला! दोन वर्षं मी 'मला जमत नाही, सोडून देते' म्हणून रडले तेव्हा कुणी सोडू दिलं नाही, आणि आता मला सोडायचं नाही तर सगळे म्हणतात सोड. मला हे जमतं की नाही, हे मला त्या परीक्षक बाईंच्या समोर बसून एकदा बघायचं आहे. माझ्या नावावर, कुणाच्या घरात किती जर्मन आहेत ते न मोजता.

तर मावशी, स्थळ तू आणलंस, तूच मोडायचं. अण्णा तुझा शब्द खाली पडू देत नाहीत. पत्रिका जुळत नाही म्हण, दिशा वाईट आहे म्हण, काहीही म्हण. पण कर. उत्तराची वाट बघते.

तुझी, सगळीकडून कोंडलेली,
वर्षाराणी

ता. क. : मोडताना मुलाकडच्यांवर ठपका ठेवू नकोस. वैजनाथनी (त्याचं, म्हणजे त्यांचं, नाव) आज स्वतःहून अण्णांना फोन करून सांगितलं की आधी तिची परीक्षा, मग सुपारी. अण्णांनी ऐकलंसुद्धा. काल मी फोनवर ओरडून जे झालं नाही, ते त्यांच्या एका फोनवर कसं झालं, याचा मला त्यांच्यापेक्षा अण्णांवर राग आहे.

ता. क. २ : मोडायचं ते तोंडी झाल्यावरच मोड. ते रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करून माझा सराव घेतात. आम्ही फक्त परीक्षेचं बोलतो. काल हवामान हा विषय होता, तो जरा लांबला.

ता. क. ३ : तुझी ती जांभळ्या काठाची हिरवी साडी एसटीच्या पार्सलनं लवकर पाठव. सुपारी होवो न होवो, अंगाला लावून बघायला काय हरकत आहे? ब्लाऊज पाठवू नकोस, तो कहकशांच्या अम्मी मापाचा शिवून देणार आहेत. त्यांनी कापड आणलंपण.

ता. क. ४ : हे पत्र काकांना वाचून दाखवू नकोस. ते लगेच मनावर घेतील आणि खरंच मोडून येतील.