झेल्यातला चेंडू

ती. किशोरीताईस,

हरीचा मालवणहून उभ्यानेच नमस्कार. (गुडघे हल्ली वाकण्याआधी पूर्वसूचना मागतात.) तुझी साखर आणि भाऊजींचा पारा, दोन्ही खाली असतील अशी आशा. फोनवर तू मध्येच हसतेस, म्हणून पत्र.

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघातला सत्यवान तुला माहीत आहेच. मिठबावचा, वय एकोणीस, उंची सहा फूट सहा इंच. दोन वर्षांपूर्वी प्रवेश घ्यायला आला तो ऑफिसच्या चौकटीवर कपाळ आपटूनच, आणि मी त्याला तिथेच संघात घेतलं. उंची देवाने फुकट दिली, पण पाय कुठे ठेवायचे हे मला शिकवावं लागलं. आमच्याकडे त्याच्या मापाचं कुणी नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी झाडू उंच धरून त्याच्यापुढे उभा राहतो. (गावात यावरून काय बोलतात ते विचारू नकोस.)

घर हापूसच्या कलमांचं. लांब काठीला जाळी लावलेल्या झेल्याने उतरवलेला आंबा आपटला की डागतो, म्हणून तो हळूच खाली ठेवायचा, हे पोराच्या हाडात मुरलेलं. कणकवलीच्या सामन्यात रिंगवरून उडालेला चेंडू याने सगळ्यांच्या डोक्यांवरून अलगद काढला, वाकला, आणि दोन्ही हातांनी जमिनीवर ठेवला. समोरच्या पाचफुटी पोराने तो उचलून बास्केट केली. असं अकरा वेळा! मी ओरडून घसा बसवून घेतला. नंतर विचारलं तर म्हणतो, "सर, चेंडू आपाटलो असतो तर?" शेवटी त्याच्या वडिलांना, भाईंना, कोर्टवर आणलं. ते म्हणाले, "ह्यो आंबो न्हय रे, नारळ समज. आपाटलो तरी काय होवचा नाय." पुढच्या सामन्यात एकही चेंडू त्याने खाली आणला नाही. माझी दोन वर्षं एकीकडे आणि भाईंचा नारळ एकीकडे.

तो सामना पुण्याच्या एका कॉलेजच्या प्रशिक्षकाने पाहिला. त्यांना सत्यवान हवाय. ना-हरकत पत्रावर फक्त माझी सही राहिली आहे. बारा दिवस ते माझ्या खणात आहे, आणि पोराला मी सांगतोय की प्राचार्य रजेवर आहेत. ताई, खरं सांगतो, घरी जाऊन मी एकट्यापुरता वाटीभर भात लावतो. या दोन वर्षांत संध्याकाळी माझी वाट बघणारं कुणीतरी होतं. तू पुण्यातच राहतेस, तेव्हा मला लिही, की तिथे खोली मिळत नाही, पाणी बाधतं, उंच पोरांचे तर फार हाल होतात. मी ते त्याला दाखवीन.

तुझा,
हरी

ता.क. आज सरावात माझा खांदा भरून आला. सत्यवानने माझ्या हातातला झाडू काढून घेतला, हळूच जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, "सर, जरा बसा." मी बसलो. मग ऑफिसात जाऊन सही केली. रविवारी तो हेच बंद पाकीट घेऊन तुझ्या दारात उभा राहील. खोली मिळेपर्यंत ठेवून घे. चौकटीखाली वाकायला सांग. दिवाण अपुरा पडेल, पायाकडे स्टूल लाव.

ता.ता.क. गुरुवारी संध्याकाळी त्याला मला फोन करायला सांग. मी सांगितलं म्हणून नको, तुलाच सुचलं असं म्हण.